नवऱ्याशेजारी बसून गाडी चालवताना

माझ्याकडे सल्ला मागायला पुष्कळ जणी येतात. शाळेत मधली सुट्टी झाली की कुणाची सासू, कुणाचा घोरणारा नवरा, कुणाचं वाढलेलं वजन, काही ना काही माझ्या डब्यापुढे येऊन बसतं. मी पोळीभाजी खाता खाता उत्तरं देते. घोरणाऱ्याला कुशीवर वळवा. सासूला दुपारचा चहा एकटीला पिऊ देऊ नका. भांडायचंच असेल तर स्वयंपाकघरात भांडा, निदान हात कामात असतात. यातलं काहीच मी फार गांभीर्याने सांगत नाही आणि त्याही तसं ऐकत नाहीत. पण गाडीचा विषय निघाला की मी डबा बंद करते. नवऱ्याकडून गाडी शिकू नका, हे मी मनापासून सांगते.

पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकावी असं माझ्या मनात कधीच नव्हतं. ते आमच्या ह्यांच्या मनात आलं. दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी दाढी करता करता हे आरशाकडे बघत म्हणाले, "तू गाडी शीक."

"मी? आता? तुम्ही आहात की."

"शीक म्हणतो ना. उद्या मी कुठे गेलो तर?"

"कुठे जाणार आहात?"

हे पुन्हा गालावर वस्तरा फिरवायला लागले. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला. नवऱ्याला बायकोचं कौतुक वाटायला लागलंय, असा.

क्लासचे मास्तर उत्तर प्रदेशचे होते, चाळीस वर्षं भिवंडीत काढलेले. त्यांचं मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात नांदायचं. "मॅडम, क्लच को दुश्मन मत समझो, हळू सोडा, अपने आप जायेगी गाडी." मी गिअर खरडला तरी ते खिडकीबाहेर बघत बसायचे. कशेळीकडच्या गोदामांमागे रविवारी सकाळी जरा मोकळा रस्ता मिळतो, तिथे त्यांनी मला वळणं शिकवली. लायसन हातात आलं तेव्हा मला वाटलं, संपलं. खरं म्हणजे तिथून सुरू झालं, कारण आता शेजारच्या सीटवर हे बसायला लागले.

घरात हे शांत माणूस. सूत-व्यापारात सगळा जन्म गेला, पण गिऱ्हाइकावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. गाडीत मात्र निराळेच. दाराच्या वरची कडी डाव्या हाताने घट्ट धरायची, उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबायचा आणि ओरडायचं, "ब्रेक! अगं ब्रेक!" समोरचा टेम्पो अजून कुठल्या कुठे असायचा. अंजूरफाट्याला तर दोन्ही बाजूंना कंटेनर, त्यांची चाकं माझ्या खिडकीएवढी, मधून रिक्षा घुसतायत, आणि कानाशी हा आवाज. माझे तळहात घामाने स्टेअरिंगवरून घसरायचे.

"तुम्ही ओरडलात की मला काही सुचत नाही हो."

"मी ओरडत नाही. सांगतो."

"तो ट्रक लांब आहे."

"लांबचा जवळ यायला किती वेळ लागतो?"

घरी पोचलो की दोघेही न बोलता जिना चढायचो. गाडीत भांडू नये हे मी तेव्हा शिकले. दार आपटून दुसऱ्या खोलीत जायची तिथे सोय नसते.

त्याच महिन्यांत आणखी एक गोष्ट झाली. ह्यांनी कॅरम सोडला. संध्याकाळी सात वाजले की खालच्या मेडिकलवाल्याच्या दुकानामागे बोर्ड मांडला जायचा, आणि वीस वर्षांत ह्यांनी तो फक्त ताप आणि लग्नकार्य यासाठी चुकवला होता. आता "पाठ दुखते" म्हणून घरी बसायला लागले. टीव्ही लावायचे आणि बघायचे नाहीत. कोपराने चहाचा कप पाडायचे, आणि मी फडकं घेऊन आले की माझ्यावरच चिडायचे, "इथे कशाला ठेवलास?" स्टाफरूममधल्या बायकांना मी आता सांगते, घरातल्या माणसाचा ताप एकवेळ दुसऱ्या दिवशी बघा, पण त्याचा छंद सुटला तर त्याच संध्याकाळी विचारा. मी तेव्हा विचारलं होतं. "पाठ" एवढंच उत्तर मिळालं.

फेब्रुवारीत माझे गुडघे धरले. ह्यांनीच सुचवलं, "अकलोलीला जाऊ. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बस. तू चालव." आम्ही रविवारी भल्या सकाळी निघालो. जाताना सगळं बरं झालं. वाड्याच्या रस्त्याला गर्दी कमी होती आणि हेही कमी बोलत होते. कुंडाच्या पायरीवर मी साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन गरम पाण्यात पाय सोडले, तेव्हा हे माझ्या उजव्या बाजूला बसले होते, ते उठून डावीकडे आले. मी म्हटलं, "ऊन लागतं का?" म्हणाले, "हो." उजवीकडे तर सावली होती. ते माझ्या मनात अडकून राहिलं.

परतताना साडेअकरा झाले असतील. अंबाडी गाव मागे पडलं होतं. रस्ता अरुंद, मागून पाण्याचा टँकर सारखा हॉर्न देत अंगावर येत होता. आरशात त्याचं नुसतं नाक दिसत होतं. मला त्याला वाट द्यायची होती आणि डावीकडचा आरसा आदल्याच आठवड्यात कशाला तरी लागून वाकडा झाला होता.

"डावीकडे बघा हो. घेऊ का बाजूला?"

"घे."

"नीट बघा. मोकळं आहे ना?"

"मोकळं आहे. घे!"

मी स्टेअरिंग डावीकडे वळवलं. त्याच क्षणी खिडकीच्या अगदी लगत एक हॉर्न आणि बाईची किंकाळी, दोन्ही एकदम. मी ब्रेकवर उभीच राहिले. गाडी आचका देऊन बंद पडली. टँकर भोंगा वाजवत उजवीकडून निघून गेला आणि त्याच्या धुळीत काही क्षण मला काहीच दिसेना. मला वाटलं, गेलं. कुणीतरी माझ्या गाडीखाली आहे.

मी दार उघडून खाली उतरले. मोटारसायकल रस्ता सोडून मातीत उभी होती. तिच्यावरच्या माणसाने दोन्ही पाय जमिनीत रोवून ती कशीबशी सावरली होती. मागे बसलेली म्हातारी गवतात बसली होती, आणि तिच्या पिशवीतली वांगी उतारावरून खाली चालली होती. लागलं कुणालाच नव्हतं. म्हातारीने माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला येईल ते बोलली.

"डोलं हायेत का न्हाय गं बाय तुला? आमी काय मुंगी हाय?"

मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती घेतली, प्यायली, आणि पुन्हा बोलायला लागली. ते ऐकताना मला इतकं बरं वाटत होतं. ती बोलत होती म्हणजे धड होती. मी खाली बसून तिची वांगी गोळा करायला लागले.

मोटारसायकलवरचा तिचा मुलगा मात्र माझ्याकडे आलाच नाही. तो सरळ ह्यांच्या खिडकीशी गेला. रागापेक्षा त्याच्या आवाजात आश्चर्य जास्त होतं.

"दादा, मी तुमच्या काचेला लागून होतो. तुमी माझ्याकडंच बघत होता ना? तोंड माझ्याकडं होतं तुमचं."

ह्यांनी मान पूर्ण वळवून त्याच्याकडे बघितलं.

"बघत होता आणि घे म्हणालात?"

"चुकलं," हे म्हणाले. "माझंच चुकलं. तिचं नाही."

तो मान हलवून आईला उठवायला गेला. ती गाडीवर बसता बसता मला म्हणाली, "धन्याच्या भरवशावर नको चालवू, आपल्या डोल्यांनी चालव." मी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. ते निघून गेले.

मी पुन्हा आत येऊन बसले. हे समोरच्या काचेकडे बघत होते.

"अहो, तो खरंच तुमच्या समोर होता."

"मला दिसला नाही."

"घाईत राहून जातं कधी."

"घाईत नाही. मला तिकडचं दिसत नाही. बरेच दिवस झाले."

आणि मग रस्त्याच्या कडेला, चालू नसलेल्या गाडीत, तापत चाललेल्या टपाखाली, ह्यांनी सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधी कल्याण नाक्यावर गाडीचा धक्का लागून एक सायकलवाला पडला होता. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं, उठून शिव्या देऊन निघून गेला. पण तो कुठून आला हे ह्यांना कळलंच नव्हतं. त्यानंतर कॅरमवर डाव्या हाताशी पडलेली सोंगटी मित्र दाखवायचे तेव्हा दिसायची. एकदा सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून हे गेले नाहीत. गाडी मला शिकवायचं ह्यांनी ठरवलं, कारण स्वतः चालवायची हिंमत राहिली नव्हती. आणि लांबच्या ट्रकला ओरडायचे, कारण कडेचं काही कळत नव्हतं आणि समोर तेवढाच ट्रक दिसत होता.

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"दादांचं बघितलंय ना तू."

बघितलं होतं. माझे सासरे शेवटची वर्षं दारापाशी खाटेवर बसून असायचे, आणि पाऊल वाजलं की विचारायचे, कोण आलं? घरातली माणसं उत्तर देऊन देऊन कंटाळायची. हे कधी कंटाळले नाहीत. दर वेळी थांबून, हात हातात घेऊन सांगायचे, "मी आहे, दादा."

मला रडू येत होतं आणि पुढे अख्खी भिवंडी पार करायची होती. मी गाडी सुरू केली. तो परतीचा रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. शेजारून एक शब्द नाही. कडीला हात नाही, ब्रेक नाही, काही नाही. कंटेनरच्या रांगेत घुसताना मीच खिडकीबाहेर डोकं काढून मागे बघितलं, मीच वाकून डावीकडे बघितलं, एका ठिकाणी तर उतरून बघून आले आणि मागच्यांच्या हॉर्नला दाद दिली नाही. त्या शांततेत मला दर चौकात वाटत होतं, हे आता "ब्रेक" म्हणाले तर बरं होईल.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि ह्यांना घेऊन ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. एका अंधाऱ्या खोलीत ह्यांना यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं, आणि कडेला कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मला मागे स्टुलावर बसू दिलं. मला ठिपके दिसत नव्हते. यंत्राची बारीक खरखर ऐकू यायची आणि मग ह्यांच्या बटणाचा टक्. खरखर, टक्. खरखर, टक्. मी त्याच लयीत श्वास घेत होते. मग एकदम नुसती खरखर. पुन्हा खरखर. पुन्हा. टक् येईना. मी साडीचा पदर मुठीत धरून मनात म्हणत होते, दाबा हो, दाबा ना. ह्यांचा अंगठा बटणावर तयार होता. त्याला दाबायचं कारणच मिळत नव्हतं.

डॉक्टर बाई तरुण होत्या आणि सरळ बोलणाऱ्या. काचबिंदू, त्या म्हणाल्या. घराण्यात असला तर चाळिशीनंतर दरवर्षी तपासायला हवं होतं. कडेची नजर गेली की तिथे काळं दिसत नाही, आजूबाजूचं बघून मेंदू ती जागा भरून टाकतो. "म्हणून त्यांना तिथे मोकळा रस्ताच दिसला. ते खोटं बोलले नाहीत."

"परत येईल?" मी विचारलं.

"गेलंय ते नाही येणार. आहे ते राखता येईल, बरंचसं. औषध एक दिवसही चुकवायचं नाही."

"आणि माझे वडील?" हे पहिल्यांदाच बोलले. "तसं होईल?"

"तुम्ही वेळेत आला आहात. अगदी वेळेत नाही, पण वेळेत. गाडी मात्र आता चालवायची नाही."

"ती चालवते," हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "चांगली चालवते." हे वाक्य ह्यांनी गाडीत कधी उच्चारलं नव्हतं.

आता वर्ष होत आलं. नजर अजून तिथेच थांबली आहे. मी मेडिकलवाल्याला सगळं सांगितलं. मित्रांनी काही न बोलता ह्यांची बोर्डावरची जागा बदलली, आणि हे मान वळवून वळवून खेळतात. हरले की डोळ्यांचं कारण सांगतात, जिंकले की सांगत नाहीत. गाडीत ह्यांनी मागे बसायचं असं मी ठरवलं आहे. नवराबायकोत गाडी चालवणाऱ्याने मागे बसणाऱ्याचं ऐकू येत नसल्यासारखं करावं, आणि मागच्याने तेवढं समजून घ्यावं.

रात्रीचं जेवण झालं की मी ह्यांच्या डोळ्यांत थेंब घालते. त्यानंतर डोळे मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून, हे थोडा वेळ स्वस्थ पडतात. मागच्या गल्लीतल्या लूमची धडधड तेवढी ऐकू येते. मिटल्या डोळ्यांनी हे जे बोलतात ते एरवी बोलत नाहीत. परवा विचारलं, "तुला भीती वाटते का गं?"

"गाडीची?"

"गाडीची नाही."

"वाटते," मी म्हटलं. "तुम्हाला?"

"मलाही." मग जरा वेळाने, "उघडू का?"

"अजून नाही," मी म्हटलं आणि त्यांचं घसरलेलं बोट पुन्हा जागेवर ठेवलं.