तळ्यातला ठिपका

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी कायम चेष्टा केली. माझं कामच मोजमापाचं... त्यामुळे हे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय.

नाशिकच्या एका छोट्या कंपनीसाठी मी द्राक्षबागांत वायरलेस सेन्सर बसवतो. एका बॅटरीवर वर्षानुवर्षं चालतात. त्यांत जीपीएस नसतं. सिग्नल तीन टॉवरना किती वेळात पोचला, त्यावरून जागा काढायची. दिंडोरीजवळच्या एका बागेत काम चालू असताना मालकीणबाई, सुनीतावहिनी म्हणाल्या, "आमच्या अण्णांसाठी नाय का असलं काही? लय इसरतात आता. कुठंबी चालत सुटतात." अण्णा म्हणजे त्यांचे सासरे. मी अण्णांच्या गळ्यात तसाच सिग्नल पाठवणारा एक छोटा टॅग अडकवला.

महिन्याभराने त्यांच्याच ओट्यावर चहा घेत होतो. दुपारचे चार. अण्णा समोर बसून मला तिसऱ्यांदा विचारत होते, "कोन गावचे तुम्ही?" सहज मोबाइलवरचा नकाशा बघितला — अण्णांचा ठिपका शेजारच्या शेततळ्याच्या मधोमध! तळं तिथून अर्धा किलोमीटर लांब. एकदा नाही, सलग पाच वेळा.

"काय झालं वो भाऊ?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही."

खरं सांगितलं तर टॅगवरचा विश्वास उडेल, असं वाटलं. सिग्नल डोंगरावर आपटून आला असेल म्हणून ते पाचही ठिपके मी पुसून टाकले.

त्यानंतर नवव्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन. अण्णा सापडत नव्हते. ठिपका घरावरच, तोही तासाभरापूर्वीचा. गाव वणी रोडने शोधत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "शेजारच्या तळ्यात बघा."

शेततळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की पाय ठरत नाही... आत गेलेला माणूस वर येऊ शकत नाही. अण्णा तिथेच होते.

नंतर सर्व्हरवरच्या मूळ नोंदी काढल्या. अण्णा गेले त्या दिवशी तळ्यातून एकही सिग्नल नव्हता. पाण्याखालून तो येतच नाही. तळ्यातून आलेले सिग्नल ते पाचच, नऊ दिवस आधीचे. आमच्या सिनियरनी तिन्ही टॉवरच्या वेळा तपासल्या. म्हणाले, "आपटून आलेला सिग्नल इतका स्वच्छ नसतो. टॅग तळ्यातच होता." पण टॅग तेव्हा माझ्यासमोर अण्णांच्या गळ्यात होता!

दहाव्याला वहिनींनी मला बाजूला घेतलं. "तुम्हाला कसं कळलं, भाऊ?"

"अंदाज केला."

त्यांनी हात जोडले. "देवासारखे धावले. तुमच्यामुळं निदान अण्णा सापडले तरी."

ते सिग्नल कुठून आले, मला आजही माहीत नाही. आणि वहिनींना ते पाच ठिपके मी अजून सांगितलेले नाहीत.