शाफ्ट ओरडायचा थांबला!

मंडळी, कानांना आत्ता कुठे आराम मिळालाय!

चौलला माझं लेथचं, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनचं, छोटं वर्कशॉप आहे. सकाळपासून एका नाखवांच्या मासेमारी बोटीचा, पंखा फिरवणारा शाफ्ट मशीनवर होता. माणसापेक्षा लांब, मनगटापेक्षा बारीक. टूल लागलं की थरथरायचा, किंचाळायचा आणि अंगावर लाटांसारखे वळ उठायचे. मधे आधाराला स्टेडी लावली, तरी तेच. मी आपली दर वेळी टोकाला दाबून धरणारा टेलस्टॉक आणखी आवळतेय!

बाकीच्या बोटी पहाटेच समुद्रात गेलेल्या. नाखवा बाकावर बसून. आणखी एक कट बिघडला असता तर शाफ्ट भंगारात.

माप घ्यायला मशीन थांबवून हात लावला, तर चटकाच बसला. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. तापलेलं लोखंड लांबतं. दोन्ही टोकं आवळल्यावर ते जाणार कुठे? मधेच वाकणार!

शाफ्ट गार होऊ दिला, टेलस्टॉक जरासा सैल केला आणि कट घेतला. किंचाळणं गायब.

त्या शांततेनं नाखवा डुलकीतून दचकून उठले. "काय गो, मशीन बंद परली?"

"नाय ओ काका, चालू हाय!"

शाफ्ट आत्ताच टेम्पोतून रेवदंड्याला, बोटीकडे गेला.

लेथवाल्यांनो, खरं सांगा. जॉब ओरडला की तुमचाही हात आधी आवळायलाच जातो ना?