पिझ्झाचं पीठ हळदीला गेलं

आमच्या घरात पिझ्झाचं पीठ आजवर एकदाच मळलं गेलं, आणि ते मला न सांगता उरण तालुक्यात निघून गेलं.

सुरुवात माझ्या मुलीच्या वर्गात झाली. मुक्ता तिसरीत आहे. मधल्या सुट्टीत कुणाचे बाबा काय काय करतात, असा विषय निघाला. कुणाचे बाबा दुबईला जाऊन आले होते, कुणाच्या बाबांचा पोहण्यात नंबर आला होता. माझ्याबद्दल सांगण्यासारखं मुक्ताला काही सापडेना. (मी तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करतो. डब्यातला रंग डब्यावर छापलेल्या रंगासारखा आहे का, हे दिवसभर बघतो.) शेवटी तिने ठोकून दिलं, "माझे बाबा घरी पिझ्झा बनवतात. पीठ मळण्यापासून!"

तिचा तरी काय दोष? मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. पदवी रसायनशास्त्राची, पण माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर ती सर्वच शास्त्रांना लागू आहे. आजही चुलत्यांची मोटार जळाली की फोन मला. म्हैस आटली की फोन मला. "तू शिकलायस की!" ज्या माणसांनी स्वतः अर्धपोटी राहून मला शिकवलं, त्यांना "मला माहीत नाही" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. मग मी काहीतरी सांगतो, आणि त्यांच्या पुण्याईने म्हैस दूध देते. बाबांना सगळं येतं, ही समजूत मुक्ताकडे अशी वारशाने आली.

पण वर्गात रिद्धी होती.

"खोटं!" रिद्धी म्हणाली. "पिझ्झा घरी कुणी बनवत नाही. तो बॉक्समध्ये येतो."

झालं! त्या दिवसापासून मुक्ताचं नाव 'खोटारडी' पडलं. पोरगी रडत घरी आली आणि डोळे पुसत म्हणाली, "रविवारी रिद्धीला आणि आणखी दोघींना बोलावलंय. बाबा, तुम्ही बनवाल ना?"

"विकत आणू आणि बॉक्स लपवू," माझ्या बायकोने, वैशालीने, तोडगा काढला.

"आई! मग मी खरंच खोटारडी होईन ना!"

पोर एवढं सरळ निघालं की आईबापाला फार काम पडतं. रविवारी पिझ्झा झाला नाही, तर सोमवारी माझी मुलगी वर्गात कायमची खोटारडी ठरणार होती. मी छाती पुढे काढून म्हणालो, "त्यात काय? शेवटी रसायनशास्त्रच आहे!"

वैशालीने माझ्याकडे म्हशीने बघावं तसं बघितलं.

रविवारी सकाळी मी मोबाईलवर व्हिडिओ लावून, वैशालीचा एप्रन बांधून उभा राहिलो. चार मुलींसाठी किती मैदा लागेल याचा अंदाज नव्हता, म्हणून एक किलो घेतला. यीस्ट चमचाभर सांगितलं होतं. पण आमच्याकडे पाहुणे येणार असले की कशातच हात आखडता घेत नाहीत, म्हणून पुडी पूर्ण ओतली. पीठ मळलं, तेलाचा हात लावला आणि मोठ्या स्टीलच्या डब्यात झाकून ठेवलं. व्हिडिओतली बाई हसून म्हणाली, "आता उबदार जागी ठेवा, दुप्पट होईल."

उबदार जागा! जानेवारीचा महिना. आम्ही राहतो बोनकोड्यात, जुन्या गावठाणात. इथल्या इमारती इतक्या जवळजवळ की स्वयंपाकघरातून हात लांब करून समोरच्या खिडकीत वाटीभर साखर मागता येते. फक्त ऊन आत येऊ शकत नाही. तासभर वाट बघितली. पीठ ढिम्म! घट्ट गोळा होऊन बसलेलं, रुसलेल्या जावयासारखं.

तेवढ्यात मला खाली, रस्त्यावरच्या उन्हात उभी असलेली गणूदादांची गाडी दिसली. गणूदादा म्हणजे आमचे घरमालक. इथलेच मूळचे आगरी. गावोगावहून आलेल्या आमच्यासारख्या भाडेकरूंना घरच्यासारखं वागवणारा माणूस. उन्हात बंद उभी असलेली गाडी म्हणजे आयती भट्टी! (इथे मला माझ्या पदवीचा थोडा अभिमान वाटला, हे कबूल करतो.)

मी डबा घेऊन खाली गेलो. वहिनी, म्हणजे गणूदादांच्या पत्नी, दारात गडबडीत होत्या. नवी साडी, केसात गजरा, हातात तीन पिशव्या.

"वहिनी, हा पिठाचा डबा तुमच्या गाडीत ठेवू का?"

"ठेव ना भाऊ! त्यात इचाराचा काय? मागच्या सीटवर ठेव, सांडाचा नाय!"

केवढं मोठं मन! मी डबा मागच्या सीटवर ठेवला, दार लावलं आणि वर येऊन वैशालीला म्हणालो, "बघ, काहीही प्रश्न विचारला नाही. याला म्हणतात माणुसकी."

मग टोमॅटोचा सॉस रटरटायला ठेवला. मुक्ता चीज किसायला बसली. घर कसं इटलीसारखं वाटू लागलं. (इटलीला मी गेलेलो नाही, पण फार वेगळं नसावं.) मुली यायची वेळ झाली तसा मी पीठ आणायला खाली उतरलो.

गाडी नव्हती.

गाडीच्या जागी एक कुत्रं झोपलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. त्यालाही काही माहीत नसावं. मी गणूदादांना फोन लावला. पलीकडे बॅन्जो पार्टी एवढ्या जोरात वाजत होती की फोन माझ्या हातात नाचू लागला.

"दादा, गाडी कुठंय?"

"जासईला! भाचीची हलद हाय ना! तू पन ये, समद्यांना घेऊन जेवाला ये!"

"दादा, गाडीत माझं पीठ आहे!"

"अरं, त्यो पीठ हाय का राक्षस? आरशात बघतो तं झाकन उघडून भायेर आयलाय आनि सीटबेल्ट लावून बसलाय!"

"मग आता कुठंय?"

"तू टेन्शन नको घेऊ, भावा! बायांनी कवाच आत नेलाय!"

फोन बंद झाला. मी जिना चढून वर आलो आणि वैशालीला सांगितलं. ती आधी गंभीरपणे ऐकत होती. मग तिने पदराने तोंड झाकलं.

"अहो, आगरी लोकांत हळदीला वडे लागतात. तांदळाच्या पिठाचे, आंबवलेले, टम्म फुगलेले. नातेवाईक, शेजारी घरून पीठ मळून देतात. वहिनींना वाटलं, तुम्हीही दिलंत!"

"पण मी विचारलं होतं!"

"हो ना. त्यांनी आनंदाने हो म्हटलं!"

आणि त्याच क्षणी बेल वाजली.

दारात रिद्धी, तिच्यामागे आणखी दोन मुली, आणि सगळ्यांना गाडीने सोडायला आलेली रिद्धीची आई. रिद्धी चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर नजर टाकली, ओव्हनमध्ये डोकावली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, पीठ दाखवा."

"पीठ... बाहेर गेलंय," मी म्हणालो.

"कुठे?"

"जासईला."

मुक्ताचा हात चीजच्या ताटलीवरच थांबला. मला दुसरं पीठ मळता आलं असतं, पण मैदा संपला होता, यीस्ट संपलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्यातलं रसायनशास्त्रही संपलं होतं.

"खोटं आहे हे," रिद्धी हळूच म्हणाली.

"नाही!" मुक्ता ओरडली. "चल, दाखवते! आपण जाऊ!"

रिद्धीच्या आईला हसू आवरत नव्हतं. "चला, मी नेते. मलाही बघायचंय पीठ कसं दिसतं ते. असं एकट्याने प्रवास करणारं!"

वैशाली म्हणाली, "गाडीत जागा नाही, मी ओव्हन बंद करते." (ती मागे मनसोक्त हसायला थांबली होती, हे मला नंतर शेजाऱ्यांकडून कळलं.) चार मुली मागच्या सीटवर दाटीवाटीने बसल्या. मी पुढे. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरमागे अडकलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की सॉसचं पातेलं माझ्या मांडीवरच आहे, एप्रन अंगावरच आहे, आणि मुक्ताने किसलेल्या चीजची ताटली छातीशी धरलेली आहे.

जासईला मांडव दुरूनच ऐकू आला. दारात आंब्याचं तोरण, अंगणात नाच, नवरी हळदीने पिवळीधमक. एका बाजूला चुलाण्यावर भलीमोठी कढई आणि भोवती बायका. मध्यभागी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. सगळे त्यांना बाय म्हणत होते. त्या हातावर गोळा थापून तेलात सोडत होत्या आणि तो फुग्यासारखा वर येत होता. त्यांच्या शेजारी माझा स्टीलचा डबा.

रिकामा!

"थांबा! थांबा!" मी पातेलं सावरत धावलो. "ते पीठ माझं आहे!"

"तुजा हाय का?" बाय खूश झाल्या. "काय मऊ मललास रं, पोरा! आमचा तांदलाचा असा फुगत नाय!"

मी पुढे काही बोलणार, तेवढ्यात एका बाईने माझा एप्रन बघितला, हातातलं लाल पातेलं बघितलं आणि हाक दिली, "ए, चटनीवाला आयला गं!" पातेलं माझ्या हातातून गेलं! दुसरीने मुक्ताच्या ताटलीत डोकावून बघितलं.

"खोबरा किसून आनलास? गुनाची गं पोर!"

ताटलीही गेली!

बायनी गरम वडा काढला, मधे दाबला, त्यावर माझी 'चटणी' पसरली, वर मूठभर 'खोबरं' पेरलं आणि पहिला मान पाहुण्यांच्या पोरींना म्हणून रिद्धीच्या हातात दिला. तोवर चीज विरघळलं होतं. रिद्धीने चावा घेतला आणि वडा तोंडापासून लांब नेला. चीजची तार लांबत गेली. आणखी लांबत गेली.

"यो खोबरा तुटं का नाय गं?" बाय घाबरून म्हणाल्या.

रिद्धी चावत होती. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. मुक्ताने माझं बोट इतकं घट्ट धरलं होतं की ते पांढरं पडलं.

"पिझ्झाच आहे," रिद्धीने निकाल दिला. "फुगलेला आहे, पण पिझ्झा आहे."

मी श्वास सोडणार, एवढ्यात ती म्हणाली, "पण घरी बनवलेला नाही. मुक्ता म्हणाली होती, घरी."

वहिनी पुढे आल्या. "मंग हे काय हाटेल हाय, पोरी? आमच्या नणंदेचा घर हाय!"

रिद्धीने घराकडे बघितलं. ओटी होती, उंबरा होता, खिडकीत एक आजोबा लेहंगा घातलेल्या नातीला फोटोसाठी उभं करत होते. "ओके, घर आहे," तिने मान्य केलं. "पण काकांनी कुठे बनवला? या आजींनी बनवला."

मुक्ताने मान खाली घातली. पोरीचा शब्द तेलात पडायच्या बेतात होता.

बायनी झारा खाली ठेवला. "पीठ कोनी मलला रं?"

"मी," मी म्हणालो.

"चटनी कोनी केली?"

"मी."

"खोबरा कोनी किसला?"

"मी!" मुक्ता ओरडली.

"मंग? आमी निसता तलला!" बाय रिद्धीकडे वळल्या. "आनखी दिऊ?"

रिद्धीने थोडा विचार केला. एका बाजूला सत्य होतं, दुसऱ्या बाजूला गरम वडा. "दोन द्या," ती म्हणाली. "आणि काकांनीच बनवला."

मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिलो. इतका हलका मी बोर्डाच्या निकालाच्या दिवशीसुद्धा झालो नव्हतो. मुक्ता मैत्रिणींबरोबर नाचायला पळाली. कुणीतरी माझ्याही गालांना हळद फासली. गणूदादा मला खांद्याला धरून प्रत्येक पाहुण्यासमोर नेत होते आणि सांगत होते, "यो आमचा भाडेकरी. पीठ यानं दिलाय." पाहुणे आदराने मान हलवत होते. आयुष्यात एवढा मान मला कुठल्याही प्रमाणपत्राने दिला नव्हता. माझ्या वाट्याला मात्र चीज राहिलं नाही, सॉसही राहिला नाही. मी एक साधा वडा रश्शात बुडवून खाल्ला. उत्तम होता. (तोही बहुधा मीच बनवला होता.)

सोमवारी मुक्ता शाळेतून उड्या मारत आली.

"बाबा! रिद्धीने सगळ्या वर्गासमोर उभं राहून सांगितलं!"

"काय सांगितलं?"

"म्हणाली, मुक्ता खोटं बोलली नव्हती. तिचे बाबा खरंच घरी पिझ्झा बनवतात. खूप मस्त होतो." मुक्ताने दप्तर खाली ठेवलं. "फक्त घर दुसऱ्यांचं लागतं, आणि बाबांना थोडं उशिरा पोचावं लागतं."

मी बराच विचार केला. पण रिद्धीच्या बोलण्यात मला दुरुस्त करण्यासारखं काहीच सापडलं नाही.