शेजारचं उघडं मशीन

“आधी बंद करा, मग बोला.” आमच्या कंपनीतले कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख टेबलाशी आले की नमस्काराऐवजी हे म्हणायचे आणि तुमच्या स्क्रीनवर पंजा ठेवायचे. स्क्रीनवर काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. जे आहे ते बंद व्हायला हवं, बस्स. विभाग म्हणजे तरी काय, ते स्वतः आणि एक टेबलफॅन. तुमच्याही ऑफिसात असा एकजण असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

माझं नशीब दुप्पट थोर. ऑफिस मुंबईत, पण हे गृहस्थ राहायला विरारजवळ बोळिंजला, आमच्याच बिल्डिंगमध्ये, समोरच्या दारात. ऑफिसात मी ‘मॅडम’, जिन्यात ‘वहिनी’. उपदेश दोन्हीकडे तोच.

इंटरनेट नुकतंच घरोघरी येत होतं तेव्हाची गोष्ट. एके दिवशी बातमी आली, की आम्ही सगळे वापरतो त्या ब्राउझरमध्ये दोष सापडलाय. नुसतं एखादं वाईट पान उघडलं, तरी परका माणूस तुमच्या मशीनमध्ये शिरू शकतो. दुरुस्ती यायला वेळ होता. या कॉम्प्युटरवाल्या साहेबांनी कॅन्टीनमध्ये चहा गार करत आम्हाला शिकवणी दिली.

“ब्राउझर कामापुरती मेमरीत जागा घेतो. काम झालं की सोडतो. पण तिथला पत्ता खिशात तसाच ठेवतो, आणि पुढे कधीतरी पुन्हा तिथेच जातो. तोवर तिथे भलताच कुणी येऊन बसलेला असतो. आणि हा बावळट त्याचं मुकाट ऐकतो.”

“आमच्या खालच्या मजल्यावरचे भाडेकरू गेले, तरी त्यांचे पाहुणे बॅगा घेऊन येतात, तसं,” मी म्हटलं.

“हसा तुम्ही,” ते म्हणाले, आणि उठून कामाला लागले.

दुरुस्ती येईपर्यंतचा उपाय एकच होता. वेबसाइटची पानं हलती-बोलती करणारा जो भाग असतो, स्क्रिप्ट, तो ब्राउझरमधून बंद करायचा. एका दुपारीत त्यांनी अख्ख्या ऑफिसचा बंद केला. सगळे एकदम सुरक्षित झाले. इतके सुरक्षित, की कुणालाच काही दिसेना. मोठ्या साहेबांचे शेअरचे भाव जागच्या जागी गोठले. त्यांनी बोलावून घेतलं.

“माझ्यापुरतं उघडा.”

“एकाला उघडलं की सगळ्यांना उघडलं,” आमचे साहेब म्हणाले आणि त्यांच्याही स्क्रीनवर पंजा ठेवला. नोकरी कशी टिकली, देव जाणे.

त्याच रविवारी दारावरची बेल वाजली. समोर हेच, हातात जवळच्या निर्मळ गावची वेलची केळी. दिवाळीलाही कुणाला चकली न देणारा माणूस केळी आणतो, तेव्हा काहीतरी गडबड असते.

“घरचं बंद केलंत का, वहिनी?”

“राहिलंच हो.” मी व्याख्यानाची तयारी ठेवली.

“बरं झालं,” ते म्हणाले, खुर्ची ओढून बसले आणि खिशातून एक चिठ्ठी काढली. “एवढा पत्ता टाका. मी हात लावणार नाही.”

पान उघडलं. बादलीत बसलेलं, दोन दातांचं एक बाळ हसत होतं.

“मुलीची मुलगी,” ते म्हणाले.

मुलीचं प्रकरण बिल्डिंगला पाठ होतं. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, बंगळुरूला गेली. जाताना हे दारात म्हणाले, “आता इकडे यायचं नाही.” बंद करायची सवयच ती. मुलीने पुढे बाळाच्या फोटोंचं पान केलं आणि ईमेलने पत्ता पाठवला. ह्यांनी उत्तर दिलं नाही, पण घरी गुपचूप बघायचे. आता घरचं स्क्रिप्टही स्वतःच बंद केल्यावर पान कोरं यायला लागलं.

“मग तुमचं पाच मिनिटं उघडायचं,” मी म्हटलं.

“नियम म्हणजे नियम.”

घरात अंडं न आणणारे लोक शेजाऱ्याकडे ऑम्लेट खातात, तसा हा नियम. दर रविवारी केळी यायची. फोटोंखाली दोन शब्द लिहायला एक चौकट होती. मी म्हणायची, “लिहा की काहीतरी.” तर म्हणे, “असुरक्षित मशीनवर मी टाइप करत नाही. दुरुस्ती येऊ दे.”

ऑफिसात सगळे दुरुस्तीच्या नावाने बोटं मोडत होते. घाई नव्हती ती फक्त यांना. इकडे बाळ रांगायला लागलं, पलंगाला धरून उभं राहिलं. मला या माणसाचा संताप यायचा, आणि रविवारी उशीर झाला तर मीच दाराकडे बघायची.

शेवटी दुरुस्ती आली. ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर टाकून झाल्यावर रविवारी माझ्या घरच्या मशीनवरही त्यांनी ती स्वतः टाकली. मी पान उघडलं.

“आता भोक बुजलं,” मी म्हटलं. “आता काय कारण सांगणार?”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग पंजा उचलला. मला वाटलं, स्क्रीन झाकतात. पण तो कीबोर्डवर आला, आणि एका बोटाने, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत त्यांनी लिहिलं: ‘ब्राउझरची दुरुस्ती आली आहे. आजच टाकून घे. बाबा.’

मी कपाळाला हात लावला. “अहो, नातीबद्दल एक शब्द नाही?”

“तिच्यासाठीच लिहिलं,” ते म्हणाले.

पुढच्या रविवारी केळी विसरून आले. चौकटीत उत्तर होतं: ‘टाकली. पण नीट बसली की नाही कळत नाही. तुम्हीच येऊन बघा ना, बाबा.’ बापाची भाषा पोरीला बरोबर येत होती.

“बघायला हवं,” ते म्हणाले. “लहानपणापासून अर्धवट कामं करते.”

आठ दिवसांसाठी म्हणून गेले. मग रजा वाढली, मग ते निवृत्त झाले. समोरच्या दाराला आता कुलूप असतं. दर रविवारी बंगळुरूहून फोन येतो. “वहिनी, नवीन अपडेट टाकलं का?” मी मुद्दाम नाही म्हणते. मग ते तपशीलवार झापतात. मागे नात ओरडत असते, मुलगी जेवायला बोलावत असते, आणि हा माणूस काही फोन बंद करत नाही.