ओ लटारूभाऊ!

सिंदेवाहीच्या बाजारात कोणीतरी "ओ लटारूभाऊ!" अशी हाक मारली आणि लटारूनं ओ दिली. एवढीच त्याची चूक. स्वतःच्या नावाला ओ देणं ही चूक कशी, हे त्याला स्वतःलाही जरा उशिरानंच कळलं. हातातली वांगी तशीच धरून, "काय जी?" म्हणत तो वळला, तर मागे शाळेतले तीन-चार पोट्टे सायकलींना टेकून उभे. त्याला पाहून त्यांचे चेहरे पडले. हाक त्याला नव्हतीच. ती त्याच्या पुढे चालणाऱ्या, ओढणीनं डोळ्यांपर्यंत तोंड बांधलेल्या त्याच्या पोरीला होती. पोट्टे सायकली हाणत पळाले आणि सुरक्षित अंतरावर जाऊन हसले. रंजीता मागे वळली नाही. मिरच्यांच्या ढिगापुढे बसून ती एकेक मिरची निवडत राहिली.

पलीकडे सुपारी-तंबाखूच्या खर्र्याच्या टपरीवरून म्हातारा पोचू बुडाही दर बाजारासारखा लटारूकडे पाहून काहीतरी ओरडला. ते मात्र लटारूला ऐकू आलं नाही. कान चांगले होते, पण पोचूची हाक त्याला कधीच ऐकू येत नसे.

लटारू तसा मंद माणूस नव्हे. पण बापाच्या डोक्यात काही गोष्टी शेवटी शिरतात. पोरगी दोन-तीन महिन्यांपासून तोंड बांधून फिरते हे त्यानं पाहिलं होतं, आणि मिलवर कौतुकानं सांगितलंही होतं, "माही पोट्टी तोंडाले ऊन लागू देत नाई. दहावीत गेली ना, समज आली." समज आली होतीच, फक्त घरातल्या सगळ्यांना आली नव्हती.

वाघबोडी गावात लटारूला ओळखायला नाव लागत नाही, मिशी पुरते. गावच्या राईस मिलमध्ये तो मशीनवर असतो. धान ओतायचा, तांदूळ काढायचा, कोंडा वेगळा करायचा, यात त्याची उमर गेली. संध्याकाळी घरी निघतो तेव्हा मिशी कोंड्यानं पांढरीफट झालेली असते. मग तो हातपंपावर तोंड धुतो, खिशातली बोटभर फणी काढतो आणि मिशीची दोन्ही टोकं वर वळवतो. पाणी भरायला आलेल्या बाया तोवर घागरी-गुंड घेऊन उभ्या राहतात. न राहून सांगतात कोणाला! पोळ्याला बैल बघून झाले की लोक एकदा लटारूच्या मिशीकडेही बघून घेतात. रंजीता झाली तेव्हा तिचं नाक पाहून त्यानं गावभर सांगितलं होतं, "पोट्टी माह्यावर गेली." बोलाफुलाला गाठ पडावी ती अशी.

बाजारातून आल्यावर रंजीता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. लटारूच्या बायकोनं, दुर्गानं, चुलीपुढे बसून त्याला सगळं सांगितलं. पोरीच्या वरच्या ओठावर काळी लव आली होती. वर्गातल्या प्रणित नावाच्या पोट्ट्यानं एक दिवस मधल्या सुट्टीत तिला विचारलं, "काय लटारूभाऊ, धान कांडून झाला का?" वर्ग हसला, आणि तेव्हापासून ती लटारूभाऊ झाली.

"आन् तुमी भर बाजारात ओ देली," दुर्गा म्हणाली.

"मले का मालूम? माहंच नाव हाये ना ते!"

"म्हनूनच त रडून राह्यली."

 जन्मभर लटारूनं आपलं नाव कमावलं होतं, आणि ते आता पोरीच्या शाळेत शिवीसारखं चाललं होतं.

दुर्गा काही हातावर हात ठेवून बसलेली नव्हती. आधी तिनं बेसन-हळदीचा लेप लावला. लव गेली नाही, पिवळी झाली. मग जत्रेतून एक क्रीम आणली. ती केस काढत नाही, नुसता त्यांचा रंग काढते, हे डबीवर लिहिलं असेलच, पण इंग्रजीत. सावळ्या पोरीच्या ओठावरची काळी लव सोनेरी झाली, म्हणजे आधी जवळ आल्यावर दिसायची ती आता रस्त्यापलीकडून दिसू लागली. सिंदेवाहीला बसस्टँडसमोर एक पार्लर आहे. तिथल्या बाईनं "मिशीचं करायचं ना?" असं इतक्या प्रेमानं आणि मोठ्यानं विचारलं की काचेबाहेर बसची वाट पाहणाऱ्या दोघीतिघी वळून पाहू लागल्या. रंजीता खुर्चीवरून उठली ती थेट बसमध्ये जाऊन बसली. दवाखान्यातल्या सिस्टरनं पाळीबिळीचं सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, "दुखणं काही नाही. बापाचं वळण आहे." कुठूनही निघा, रस्ता बापापाशीच येत होता.

दोन दिवसांनी सकाळी लटारू गाल खरडायला बसला तर त्याचा वस्तरा ओला. आत गेला तर रंजीता ओठावर हळद दाबून बसलेली, आणि हळदीतून रक्त वर आलेलं.

"मी शाळेत जात नाई आता," ती म्हणाली.

"काऊन?"

"तुमाले मालूम हाये."

"दहावी हाये बेटा."

"असन. मी जात नाई."

तिनं हे रडून सांगितलं असतं तर लटारूनं समजूत घातली असती. पण ती रडत नव्हती. आणि हे वाक्य याच घरात, याच वयात, आधी एकदा बोलून झालं होतं. ते बोलणारा पोरगा, म्हणजे लटारू स्वतः, शाळा सोडून मिलवर लागला, आणि अजून तिथेच कोंडा खात उभा होता.

दुर्गानं पदर खोचला. "आता तुमीच करा," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमच्या ओठाले कोन दोरा लावे, विसरले का?"

लटारूनं आधी दाराकडे पाहिलं आणि उठून कडी लावली.

गोष्ट जुनी होती. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांत गावोगाव दंडारीचा नाच-खेळ व्हायचा, आणि दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घेत. मिसरूड फुटायच्या वयाचा लटारू शेलाटा होता, गळा बारीक होता, कमरेला लय होती. त्याला लुगडं नेसवलं आणि शेवंताचं काम दिलं. पोचू तेव्हा ढोलकीवर असायचा. शेवंता अशी उभी राहिली की एका गावच्या म्हाताऱ्यानं आपल्या पोरासाठी तिचं घरदार विचारलं होतं. दर खेळाआधी दंडारीतला जुना माणूस दातांत दोरा धरून शेवंताचा ओठ साफ करायचा. पुढे लटारूच ती कला शिकला आणि इतरांचे ओठ साफ करू लागला. पण सोंग उतरलं तरी नाव उतरेना. शाळेत, विहिरीवर, धानाच्या बांधीत, जिकडेतिकडे शेवंता. त्यानं शाळा सोडली, मग दंडार सोडली, आणि जमेल तितक्या लवकर, जमेल तितकी मोठी मिशी ठेवली. त्या नावावर ठेवलेला तो धोंडा होता. गाव हळूहळू विसरलं. पोचू तेवढा विसरला नाही. आणि दुर्गा. तिनं शेवंताला लग्नाआधी पाहिलं होतं आणि लटारूला नंतर. दोघांत कोण जास्त आवडलं, हे तिनं कधी सांगितलं नाही.

पोरीचा ओठ भरून आला तशी लटारूनं तिला सपरीत, घरापुढच्या पडवीत, उजेडाला बसवली. ओठाला पावडर लावली, रिळाचा दोरा काढला, त्याला पीळ दिला आणि एक टोक दातांत धरलं. बोटं काही विसरली नव्हती. पण शेवंताच्या काळात एक गोष्ट नव्हती ती आता होती. दोऱ्यानं पहिला हिसका दिला तो पोरीच्या लवेला नव्हे, बापाच्या मिशीला. लटारू "अगं माय!" करून उडाला. रंजीता आधी घाबरली आणि मग हसली. किती दिवसांनी हसली होती! दुर्गानं आतून आपल्या केसांच्या दोन पिना आणल्या आणि नवऱ्याची मिशी दोन्ही बाजूंनी वर उचलून गालांपाशी बांधून टाकली. पोळ्याचं दुसरं आकर्षण पिनांत अडकलं.  दोरा सरसर चालू लागला.

नेमका तेव्हाच पोचू बुडा चुन्याची डबी मागायला आला. दातांत दोरा, मिशीला पिना, समोर पोरीचा ओठ. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"शेवंता!" तो म्हणाला. "अजून हात तसाच हाये वं तुहा!"

"शेवंता कोन?" रंजीतानं विचारलं.

लटारूला तोंड उघडता येत नव्हतं, कारण दातांत दोरा होता. पोचूला दोरा नव्हता. त्यानं ऐसपैस बसून लुगड्याच्या काठापासून शेवंताला मागणी घालणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सगळं सांगितलं, वर दोन ओळी म्हणूनही दाखवल्या. रंजीता एकदा त्याच्याकडे आणि एकदा बापाकडे बघत राहिली.

ओठ स्वच्छ झाला. तिनं आरशात बघून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दप्तर भरून, तोंड न बांधता शाळेत गेली. लटारूनं त्या दिवशी मिलवर सगळ्यांना चहा पाजला आणि कारण विचारल्यावर "असाच" म्हणाला. संध्याकाळी घरी आला तर दोऱ्याचं रीळ अंगणात पडलेलं आणि कोंबडी त्यात पाय अडकवून बसलेली.

"प्रणित तेच म्हनते अजून," रंजीता म्हणाली. "केस नाई दिसत त्याले, तरी लटारूभाऊच म्हनते. काई फायदा नाई तुमच्या दोऱ्याचा."

लटारूला हे ठाऊक असायला हवं होतं. लुगडं उतरलं तरी नाव उतरत नाही, हे त्याच्याइतकं वाघबोडीत कोणाला ठाऊक होतं? तो कोंबडीचा पाय सोडवत म्हणाला, "तू ओ देऊ नको. मी कधीच देली नाई. पोचू इतके वर्षं हाका मारून राह्यला, मी मान बी वळवली नाई."

"मंग त्यानं हाका मारनं बंद केलं का?"

लटारू दोरा रिळावर गुंडाळू लागला. मिशी वाढवली, शाळा सोडली, बहिरं होऊन जगला, आणि पोचू अजून दर बाजाराला हाक मारत होता. हिशोबातली चूक दाखवावी तशी पोरीनं ही गोष्ट त्याच्यापुढे ठेवली होती. त्याला राग आला नाही. लाज वाटली, आणि लाजेच्या मागून थोडा अभिमानही वाटला.

पुढच्या बाजाराला रंजीता आपणहून आली. लव पुन्हा थोडी दिसू लागली होती. दुर्गानं रीळ पुढे केलं तर ती म्हणाली होती, "राहू दे, आल्यावर करीन. मीच करीन, बाबाची मिशी येते मधात." ओढणी खांद्यावर होती.

वांग्यांपाशी हाक आली, "ओ लटारूभाऊ!"

लटारूच्या तोंडात "काय जी" आलंच होतं. त्यानं ते गिळलं.

रंजीता वळली. तिनं वरच्या ओठावरून अंगठा आणि बोट दोन्हीकडे फिरवलं, अगदी हातपंपावर तिचा बाप फिरवतो तसं, आणि जाड आवाजात म्हणाली, "काय जी प्रणितभाऊ? धान आनला का कांडाले? दाखवा!"

भाजीवाली फस्सकन हसली, आणि ती प्रणितकडे बघून हसली. सोबतचे पोट्टेही हसले. प्रणितनं पुढचं काही पाठ केलेलं नव्हतं. तो सायकलची घंटी नुसतीच वाजवत उभा राहिला.

"बोला ना जी," रंजीता म्हणाली. "लटारूभाऊ उभा हाये."

आणि तेवढ्यात खर्र्याच्या टपरीवरून, दर बाजारासारखी, पोचू बुडाची हाक आली. "ओ शेवंता!"

लटारूचे कान सवयीनं बंद झाले. पण रंजीता प्रणितला सोडून बापाकडे बघत होती. भाजीवाली बघत होती. पोट्टेही बघत होते, कारण शेवंता कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आता ठाऊक होणार होतं. लटारूनं हातातली वांगी पोरीच्या पिशवीत टाकली, मिशीवरून एकदा हात फिरवला, एक हात कमरेवर ठेवला. मग मिलच्या धुळीनं बसलेल्या गळ्यातून, होता तेवढा बारीक आवाज काढून त्यानं ओ दिली.

"काय जीऽऽ?"

टपरीवर पोचूच्या हातातला खर्रा खाली पडला.