सुमतीबाईंची वरची फळी

सुमतीबाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, त्यांच्याविषयी लिहा, असे मला सांगण्यात आले. आमची पहिली भेट मात्र समारंभात सांगण्याजोगी नाही. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गोळीबार झाला, लालबागच्या चाळीतून गेलेला दादा परतला नाही, आणि दुसऱ्या दिवशी वहिनीला घेऊन मी परळच्या एका इस्पितळात पोचलो. दारावरचा कारकून म्हणाला, "या नावाचं कोणी नाही." ओळख न पटलेली प्रेते दुपारी नेणार होते. वहिनी जागची हलेना, तेव्हा त्याने आम्हाला सामानाच्या खोलीकडे धाडले.

जखमींच्या आणि मृतांच्या अंगावरच्या वस्तूंची गाठोडी तिथे ठेवीत. खोली सुमतीबाईंच्या ताब्यात होती. त्यांनी नाव विचारलेच नाही.

"घरातून कधी निघाले?"

"काल सकाळी."

बाईंनी सरळ वरच्या फळीला हात घातला. एका गाठोड्यात तंबाखूची डबी निघाली, चिंधीने बांधलेली. वहिनी म्हणाली, "ह्येंचीच. झाकण लागत नाय म्हणान मीच चिंधी बांधलंय." ती रडली नाही. बाईंनी तिला स्टुलावर बसवले, स्वतःचा चहा तिच्या हातात दिला आणि त्या शवागाराकडे धावल्या. दुपारच्या आत दादा आमच्या ताब्यात आला. त्याला आम्ही अग्नी दिला, परक्यांनी नाही.

पुढे मी त्याच खोलीत नोकरीला लागलो आणि बाईंचा क्रम शिकलो. सर्वांत अलीकडची तारीख वर, जुनी खाली. तारीख एकच असेल, तर बिननावाचे गाठोडे आधी, नावाचे नंतर. वरिष्ठांना सगळे नावांच्या अक्षरक्रमाने हवे होते. बाई त्यांना म्हणाल्या, "नाव असलेला नावावरून सापडेल, साहेब. दुसऱ्याला कुठल्या अक्षराखाली ठेवू?" बाई फटकळ. गाठोडे चुकीच्या फळीवर गेले, तर ठेवणाऱ्याची खैर नसे. मीही भरपूर बोलणी खाल्ली आहेत.

माझी नात संगणकावर काम करते. ती म्हणते, तारखा उतरत्या क्रमाने लावायला यंत्राला एक आज्ञा पुरते. पण दोन तारखा सारख्या निघाल्या तर पुढे कोण, हा तुलनेचा नियम माणसानेच लिहून द्यायचा असतो. मी तिला बाईंचा नियम सांगितला. तिने तो वहीत उतरवून घेतला.

वहिनी आता नाही. डबी घरात आहे, चिंधीसकट. वयाने धाकटा असल्यामुळे मी आशीर्वाद देत नाही, मागणे मागतो. सुमतीबाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि आज त्या खोलीत जे कोणी बसत असतील, त्यांची वरची फळी रिकामी राहो.