मागाची कात्री

काल गच्चीवरच्या शेवंतीची सुकलेली फुलं छाटली, कात्रीला खोबरेल लावलं आणि त्या वासानं मी थेट वडगावच्या घरी जाऊन पोचले.

मी लहान असताना एका वर्षी आईच्या खांद्यानं दगा दिला आणि हातमाग विकावा लागला. खंडेनवमीला पुजायला उरली ती धागे कातरायची ही बोटभर कात्री. आईनं तिलाच हळदकुंकू वाहिलं. दसरा झाल्यावर मी परसात सुकलेली शेवंती हातानं ओरबाडत होते, तेवढ्यात आई ती कात्री घेऊन आली.

"ओढू नगंस गं, बाजूच्या कळीला लागतंय."

पानाच्या जरा वर तिनं अलगद कातरलं, पात्यांवरचा रस पदरानं पुसला, तेलाचं बोट फिरवलं आणि कात्री माझ्या हातात दिली.

"धर, तुझी आता."

"आणि तुला?"

"मला आता काय कातरायचंय?" ती हसली.

मी नवं खेळणं मिळाल्यागत नाचले होते. माग गेल्यापासून आमचं घर गप्प झालं होतं. आता ही कात्री हातात कचकच वाजते, तेव्हा कळतं, त्या घरातला उरलेला एवढाच आवाज आईनं मला देऊन टाकला होता.